नुपुनाई घाटाची पलीकडची बाजू

तोकिए वाकासांचा मुलगा बायकोला सोडून सेंदाईला निघून गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. सून मात्र गेली नाही. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी सासूच्या दारातला बर्फ उपसत होती. आमचं गाव चारशे वस्तीचं आणि हिवाळा पाच महिन्यांचा, त्यामुळे यावर पुष्कळ बोलून झालं. कुणी म्हणालं, सुनेचा घरावर डोळा आहे. कुणी म्हणालं, म्हातारीला फुकटची नर्स मिळाली. एकदा दुकानात कुणीतरी तोकिएकाकूंना तोंडावरच विचारलं. त्या म्हणाल्या, "घरातून एक माणूस गेलं. दुसरं कशाला घालवू?" आणि टोफूचं पाकीट पिशवीत टाकून घरी गेल्या.

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळेत अकरा मुलं आहेत. तोकिएकाकूंची सून चिनात्सु गावच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा अडतीस वर्षांची. आम्हा दोघांना स्कीचं वेड. तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि तयार उतारावरून खाली यायचं, ती स्की नव्हे. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्ट्या काढायच्या आणि कुणाचा माग नसलेल्या बर्फातून उतरायचं, ती. गावात हे करणारे आम्ही दोघंच, म्हणून शनिवारी आम्ही बरोबर जायचो. माझी बायको शनिवारी झोपते.

नुपुनाई घाट आमच्या गावापासून सुरू होतो, खिंडीत पोचतो आणि पूर्वेला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात उतरतो. खिंडीतून डावीकडच्या धारेवर चढायचं आणि पलीकडच्या दरीतून, भूर्जांच्या रानातून, खाली रस्त्यावरच्या पुलापाशी निघायचं, ही आमची सगळ्यांत लाडकी वाट. अडचण एवढीच, की गाडी खिंडीत राहते आणि आपण दहा किलोमीटर खाली पुलाशी. म्हणून गाडी तोकिएकाकू चालवायच्या. काकू सदुसष्ट वर्षांच्या, सव्वीस वर्षं त्यांनी लाकडाचा ट्रक चालवलेला, आणि आता त्यांच्याकडे एक बुटकी पांढरी व्हॅन होती. स्कीत त्यांना काडीचा रस नव्हता.

"फळ्या बांधून वर चढायचं आणि लगेच खाली यायचं," त्या म्हणायच्या. "मग गेलात कशाला?"

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी साडेसातला त्यांनी माझ्या दारात हॉर्न वाजवला. गुरुवारपासून बर्फ थांबला नव्हता. मी मागच्या सीटवर शिरलो. स्की मधोमध आडव्या टाकल्या होत्या, त्यांची टोकं पुढच्या दोघींच्या मधून निघाली होती.

"मास्तर, बायको काय म्हणाली?"

"झोपली होती."

"शहाणी आहे."

"आई, वायपर जरा हळू करा, पाती झिजतात," चिनात्सु म्हणाली.

"गाडी कोण चालवतंय?"

"तुम्ही."

"मग?"

वायपर तसेच फटाफट फिरत राहिले. घाट नुकताच साफ केलेला होता, तरी पुन्हा पांढरा झाला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच खांब आहेत आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला खाली तोंड केलेला बाण. बाणाच्या खाली रस्त्याची कड. बर्फात रस्ता दिसेनासा झाला, की माणूस या बाणावरून त्या बाणावर जातो. काकू वळणाच्या बऱ्याच आधी गिअर उतरवायच्या आणि ब्रेकला पाय लावायच्या नाहीत. त्यांच्या गाडीत मी कधी घसरलेलो नाही.

खिंडीत आम्ही उतरलो. तिथे गाड्या लावायची जागा आहे आणि एक सार्वजनिक संडास, तो हिवाळ्यात कुलूपबंद असतो. फोनला रेंज नसते.

"बारा वाजता पुलाशी," काकू खिडकीतून म्हणाल्या. "साडेबारापर्यंत आला नाहीत तर शिव्या द्यायला लागेन. एक वाजला की शिव्या बंद."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काळजी," चिनात्सु म्हणाली. "आई, तोपर्यंत झऱ्यावर जाऊन अंघोळ करा. कंबर शेकून निघेल."

"माझ्या कमरेचं मी बघते. तू टोपी नीट घाल, कान उघडे आहेत."

व्हॅन पलीकडच्या उताराला लागली आणि दोन वळणांत दिसेनाशी झाली.

बर्फ गुडघ्याच्या वर होता. पुढचा माणूस वाट फोडतो, मागचा त्या वाटेनं येतो, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलायची, असं आमचं ठरलेलं होतं. तासभर आम्ही फारसं बोललो नाही. मग एका देवदाराच्या बुंध्याशी चहा प्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, मी एप्रिलपासून आसाहिकावाला जातेय. तिथल्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली."

"काकूंना सांगितलंस?"

"नाही."

"कधी ठरलं?"

"नोव्हेंबरात."

मी हिशेब केला, जवळजवळ तीन महिने. ती रोज त्याच बाईसमोर बसून जेवत होती. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते माझ्यासाठी. शनिवारी माझ्याबरोबर डोंगर चढणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "मीच सांगेन."

"मी कशाला बोलू?"

"तुम्ही बोलत नाही. तुमचा चेहरा बोलतो. म्हणून सांगितलं."

पावणेअकराला आम्ही धारेवर पोचलो. वारा वायव्येचा होता आणि दोन दिवस धारेवरचा बर्फ उचलून पूर्वेच्या दरीत नेऊन टाकत होता. वरून उतार नेहमीपेक्षा गुळगुळीत आणि फुगीर दिसत होता. उतरायच्या आधी, हिमलोट सुटेल का ते बघायला, चिनात्सुनं फावडं काढलं. आम्ही कडेला खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी खांब कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि वरून हातानं थापा मारल्या. पहिल्या दोन थापा नुसत्या मनगटाच्या. तिसऱ्या थापेला वरचा हातभर जाड थर अख्खाच्या अख्खा फळीसारखा सरकून तिच्या मांडीवर आला.

ती त्या फळीकडे बघत राहिली. मग तिनं फावडं मिटवलं.

"नको," ती म्हणाली.

"कडेकडेनं झाडांतून जाऊ," मी म्हणालो. "झाडं दाट आहेत तिथे सुटणार नाही."

"वरच्या दोनशे मीटरांत झाडं नाहीत."

"एकेक करून उतरू. मी आधी जातो."

"आणि तुम्ही गाडले गेलात तर मी एकटी उकरत बसू?"

"चिनात्सु, गाडी खाली आहे."

"माहीत आहे."

"वर कोणी नाही. नुसता कुलूपबंद संडास. काकू पुलाशी वाट बघतील आणि आपण इथे गोठत बसू."

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला गाडीकडे जायचंय. उताराकडे बघून बोला."

मी उताराकडे बघितलं. पण त्या वेळी मला पटलं नव्हतं, हेही सांगतो. बावीस वर्षं मी या डोंगरात फिरतोय आणि ती नऊ वर्षं. मी तिच्यामागे वळलो, कारण एकट्यानं उतरायची माझी हिंमत नव्हती.

येताना केलेली वाट अर्ध्या तासात भरून गेली होती. वारा आता तोंडावर होता. वर, खाली, समोर सगळीकडे एकच रंग, त्यामुळे आपण चढतोय का उतरतोय हेही पायांनाच विचारावं लागत होतं. फोनवरचा नकाशा बघायला म्हणून मी फोन बाहेर काढला तर थंडीनं तो बंद पडला. तिचा फोन ती काखेत ठेवून चालत होती, दर दहा मिनिटांनी काढून बघायची आणि परत आत. दोनदा आम्ही चुकून दरीच्या बाजूला गेलो आणि दोन्ही वेळा तिनंच ओळखलं. ज्या उतारावर गंमत म्हणून वीस मिनिटांत खाली आलो असतो, तिथे आम्हाला दोन तास लागले. सव्वाएकला माझी स्की संडासाच्या भिंतीला आपटली, तेव्हा कळलं की आपण पोचलो.

भिंतीच्या आडोशाला आम्ही खड्डा केला आणि पाठपिशव्यांवर बसलो. भाताचे गोळे कडक झाले होते, ते तोंडात धरून मऊ करून खाल्ले.

"आई येतील," चिनात्सु म्हणाली.

"त्यांना कसं कळणार आपण इथे आहोत?"

"कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर उद्या सकाळी मदतीला माणसं येतील. तोपर्यंत तुम्ही मला त्या अकरा मुलांच्या गोष्टी सांगा. एकेकाला तास धरला तर पुरतील."

मी हसलो नाही. माझ्या पायाची बोटं मला जाणवत नव्हती.

पलीकडच्या बाजूला काय झालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं, आणि थोडं रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या बर्फगाडीच्या ड्रायव्हरनं.

काकू अंघोळ करून साडेअकराला झऱ्यावरून निघाल्या. झऱ्याच्या गावाबाहेर घाटाचं फाटक आहे. तिथल्या माणसानं सांगितलं, की एक वाजता घाट दोन्हीकडून बंद करणार. काकू म्हणाल्या, बाराला माझी माणसं येतील, सव्वाबाराला मी घाटातून घरच्या वाटेला. चार किलोमीटर वर पुलापाशी त्यांनी गाडी लावली. बारा वाजले. दरीतून कोणी आलं नाही. दरीच दिसत नव्हती.

सव्वाबाराला वरून बर्फगाडी आली. ती चालवणारा दाइगो हा माणूस काकूंच्याच हाताखाली ट्रक शिकलेला.

"काकू, चला माझ्यामागे," तो वरून ओरडला. "वरती माझे मलाच हात दिसत नाहीत. बंद करतायत."

"माझी दोन माणसं डोंगरात आहेत."

"मी वायरलेसवर कळवतो. पण आज कोणी वर जाणार नाही. उद्या सकाळी."

"कळव. आणि माझंही कळव, मी वर चाललेय."

"वर? ती इथे उतरणार ना?"

दाइगो सांगतो, काकू काच अर्धी खाली करून दरीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्याला वाटलं, घाबरल्या. म्हणून तो खाली उतरून खिडकीपाशी आला आणि जरा समजावणीच्या सुरात बोलायला लागला, की घाटात अशा वेळी गाडी नेणं म्हणजे काय वगैरे.

"दाइगो," काकू म्हणाल्या, "तुला रिव्हर्स शिकवायला मला दोन महिने लागले. आता तू मला घाट शिकवतोस?"

त्या साडेबारापर्यंत थांबल्या. तेवढ्यात त्यांनी मनातला हिशेब पुन्हा तपासला. चिनात्सु उतारावर आली आणि तिला जरा शंका आली, तर ती परत फिरणार. शंका यायला आज कारण पुष्कळ होतं. पण ठरवलेलं चुकीचंही असू शकतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी चहाचा थर्मास, दोन कांबळी आणि मागच्या सीटवरचं बिस्किटांचं पाकीट प्लास्टिकच्या पोत्यात घातलं, पोतं पुलाच्या कठड्याला बांधलं, त्यावर आपला लाल रुमाल लावला, आणि पाकिटावर आधीच लिहून ठेवलं होतं: "वर गेलेय. इथून हलू नका. परत येते." मग गाडी वळवली.

दहा किलोमीटरला त्यांना सगळं धरून सव्वा तास लागला. समोरच्या काचेतून काही दिसत नव्हतं, म्हणून बाजूची काच पूर्ण उघडून, डोकं बाहेर काढून, एका बाणाकडून दुसऱ्या बाणाकडे. बाण दिसला की पुढे, नाही दिसला की थांबायचं, वाऱ्याला उसंत मिळाली की दिसतो. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यात अवघड काही नव्हतं, फक्त कंटाळवाणं होतं.

खिंडीच्या तीन किलोमीटर अलीकडे त्यांच्यासमोर एक गाडी आली. ती उभी होती, नाक वाऱ्यानं साचलेल्या ढिगात रुतलेलं आणि मागची बाजू निम्मी गाडलेली. इंजिन चालू होतं. काकूंच्या लगेच लक्षात आलं, की धुराचं नळकांडं बर्फाखाली आहे आणि धूर आत जातोय. दार गोठलं होतं. त्यांनी लाथा घालून ते सोडवलं. आत सूट घातलेला पन्नाशीचा एक माणूस मान टाकून बसला होता. त्यांनी आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, मग त्याच्या कॉलरला धरून त्याला बाहेर ओढलं आणि दोन थोबाडीत दिल्या. दुसऱ्या थोबाडीला त्यानं डोळे उघडले.

"नाव काय?"

"कोगुरे," तो म्हणाला. "मी... कानाची यंत्रं विकतो."

"चालता येईल?"

"डोकं फार दुखतंय."

"ते डोकं आहे अजून, हे नशीब समजा."

त्याला अर्धवट धरून, अर्धवट फरफटत त्यांनी व्हॅनमध्ये घातलं आणि मागच्याही काचा उघडल्या. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. मी त्यांना एकदा विचारलं, की त्या वीस मिनिटांत तुमच्या मनात काय होतं. त्या म्हणाल्या, "हा माणूस जड आहे, हे."

दोनला दहा मिनिटं कमी असताना आम्हाला दिवे दिसले. आधी मला वाटलं भास आहे. चिनात्सु उठून रस्त्यावर गेली आणि हात हलवायला लागली. व्हॅन तिच्यापासून तीन हातांवर थांबली. काकूंच्या पापण्या, भुवया आणि उजवा गाल पूर्ण पांढरा झाला होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "बघता काय? मागे एक आजारी माणूस आहे."

चिनात्सुनं आत डोकं घालून कोगुरेंच्या तोंडाकडे बघितलं, दिव्याच्या उजेडात त्यांच्या पापण्या वर करून बघितल्या, मनगट धरलं. "काचा लावू नका," ती म्हणाली. "मास्तर, तुम्ही यांच्या शेजारी. झोपायला लागले तर चिमटे काढा." स्की आम्ही कशाबशा कोंबल्या. ती पुढे बसली.

पश्चिमेच्या उताराला लागून जरा खाली आलो तेव्हा वारा थोडा पडला आणि थोडं बरं दिसू लागलं, म्हणजे एकाऐवजी दोन बाण. उघड्या काचांतून बर्फ आत येत होता आणि माझ्या मांडीवर साचत होता. कोगुरे दर पाच मिनिटांनी माफी मागत होते. मी दर पाच मिनिटांनी त्यांना चिमटा काढत होतो.

"तुम्हाला कसं कळलं?" मी काकूंना विचारलं.

"काय?"

"आम्ही उतरणार नाही ते."

"बारा वर्षं बघतेय हिला. चहासुद्धा तीनदा फुंकल्याशिवाय पीत नाही. लग्न तेवढं न फुंकता केलं."

चिनात्सु हसली नाही. ती समोर बघत होती. मग म्हणाली, "आई, मी एप्रिलपासून आसाहिकावाला जातेय. तिथल्या इस्पितळात. कायमची."

मी कोगुरेंकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना. काकूंचे हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले. एक वळण गेलं. त्यांनी गिअर उतरवला.

"तुझ्या बाजूचा बाण दिसतो का?"

"हो."

"मग बाण सांग. बाकीचं घरी."

"बाण. दहा मीटर. पुढे डावं वळण."

"हां."

"बाण."

अशी ती सांगत राहिली. बोलताना एकदा तिचा आवाज फाटला, तेव्हा काकू म्हणाल्या, "नीट सांग, ऐकू येत नाही," आणि तिनं घसा खाकरून परत सांगितलं. अर्ध्या घाटात खालून आलेली दुसरी बर्फगाडी भेटली. दाइगोनं कळवलं होतं, म्हणून ती मुद्दाम वर पाठवली होती. ती आमच्यासमोर वळली आणि तिच्या पिवळ्या दिव्यामागे आम्ही आमच्या बाजूच्या फाटकापर्यंत आलो. फाटकावरच्या माणसानं काकूंना खूप सुनावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, कमरेत वाकून दोनदा नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आता दवाखान्यात जाऊ का? हा माणूस तुमच्या फाटकात ओकेल."

कोगुरेंना दवाखान्यात प्राणवायू लावला. ते वाचले. दोन आठवड्यांनी त्यांनी काकूंना एक भला मोठा खेकडा पाठवला, आणि सोबत कानाच्या यंत्राची माहितीपुस्तिका, तो काकूंना अपमान वाटला.

पण त्या संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. माझे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात होते आणि बोटांत कळा येत होत्या. दोघींना मी तिथे आहे याची काही फिकीर नव्हती.

"कधी ठरवलंस?" काकूंनी विचारलं.

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात कधी?"

"महिनाअखेरीला."

"म्हणजे मुळ्याचं लोणचं घातलं तेव्हा."

"हो."

"चाळीस किलो मुळे मी या कमरेनं धुतले. तू शेजारी उभी राहून मीठ चोळत होतीस. आणि तुला माहीत होतं तू जाणार."

"हो, आई."

"कोण खाणार आहे ते?"

"सांगायला जायची आणि तुम्ही काहीतरी काम काढायचात," ती म्हणाली. "मग ते काम करायचं. मग जेवण. मग झोप."

"मी हाकललं असतं का तुला?"

"नाही. तुम्ही जा म्हणाला असतात. लगेच. म्हणूनच."

भिंतीवर हात धुवायच्या पद्धतीचा तक्ता होता, काकू त्याच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तो गेला तेव्हा वाईट वाटलं ते आईला वाटतं तसं. आता वाटतंय ते दुसरंच आहे. त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही." आणि उठून त्या बाहेर गाडीवरचा बर्फ झाडायला गेल्या. चिनात्सु तिथेच बसून रडली. मग तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन दुसऱ्या बाजूनं झाडायला लागली. खिडकीतून मला दोघींचे झाडू दिसत होते.

चार दिवसांनी ऊन पडलं. घाट उघडला तसा मी पलीकडे जाऊन दुर्बिणीतून तो उतार बघितला. काही सुटलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत जसाच्या तसा, एक चीरही नाही. म्हणजे आम्ही उतरलो असतो, तर कदाचित नीट उतरलोही असतो. किंवा आमच्या वजनानंच तो सुटला असता. हे आता कुणालाच कळायचं नाही. दवाखान्यात जाऊन मी चिनात्सुला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

एप्रिलमध्ये ती गेली. सामान काकूंच्या व्हॅनमधून आम्ही तिघांनीच नेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली होती, समोर नदी. काकूंनी आधी नळ सोडून बघितला, मग गॅसची शेगडी, मग खाली जाऊन तिची गाडी लावायची जागा, आणि ती उत्तरेला आहे, तिथे बर्फ वितळणार नाही, म्हणून घरमालकाशी भांडल्या. जागा बदलून मिळाली. निघताना दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, लग्नाच्या मांडवात करतात तसा, नीट. परतीच्या वाटेवर काकूंनी मला शाळेबद्दल विचारलं. अकराची आता नऊ होणार होती. आम्ही त्यावरच बोललो.

दवाखान्यात चिनात्सुच्या जागी नवी नर्स आली. ती दक्षिणेकडची, कागोशिमाची, तिनं जन्मात एवढा बर्फ पाहिला नव्हता. तिला गावात जागा मिळेना. काकूंनी स्वतः दवाखान्यात जाऊन तिला वरची खोली देऊ केली. नोव्हेंबरात त्या तिला मोकळ्या मैदानात गाडी घसरवून सरळ करायला शिकवत होत्या, आणि रस्त्यापर्यंत ओरडा ऐकू येत होता: "ब्रेक नको! पाय उचल! पाय उचल म्हणते ना!"

चिनात्सु महिन्यातून एखाद्या शनिवारी येते. आम्ही डोंगरात जातो, काकू गाडी नेतात. पहिल्यांदा आली तेव्हा जिन्यापाशी तिला अनोळखी बूट दिसले.

"माझ्या खोलीत?" ती म्हणाली.

"मग काय रिकामी ठेवू?"

"नाही, ते बरोबरच आहे." तिनं आपले बूट काढून त्या बुटांशेजारी ठेवले, मग जरा बाजूला सरकवले. "कशी आहे मुलगी?"

"चहा ऊन-ऊन पिते," काकू म्हणाल्या. "तोंड भाजून घेते. ये आत, गारठा येतोय."